झुडपामागची सून

आमच्या घरात नवं माणूस आलं की ते आधी कपाटावर जायचं. म्हणजे सासूबाईंच्या आरशाच्या कपाटावर. वर मोठा आरसा, मध्ये खण, खाली दार, आणि त्या दारावर त्यांनी तरुणपणी स्वतःच्या हाताने रंगवलेलं चित्र: एक घर, घरापुढे पायऱ्या आणि पायऱ्यांवर घरची माणसं. सर्वांत वर त्या आणि सासरे. खाली माझी नणंद, तिच्या खाली माझा नवरा. माणसं अंगठ्याएवढी, पण बघताक्षणी ओळखू यावीत अशी. सासऱ्यांचं टक्कल, नणंदेचं वर चढवलेलं नाक, सगळं जिथल्या तिथे. बाईच्या हातात कला होती, हे मी नाकारत नाही. जिभेचं मग बोलू.

मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही काढलं. पिवळ्या कपड्यांत, वरून दुसऱ्या पायरीवर, अगदी त्यांच्या खांद्याशी. मी फर्निचरच्या पॉलिशवाल्याची मुलगी. मला इतका आनंद झाला, की रंग वाळल्यावर मी आपणहून त्या दारावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं पॉलिश चढवलं. कापसाचा बोळा फडक्यात गुंडाळून, वडिलांनी शिकवलं होतं तसं, पातळ हात देत देत. त्या घरात मी केलेलं ते पहिलं काम. सासूबाईंनी शेजारणींना बोलावून दाखवलं होतं. आज सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही.

पुढे माझ्या वडिलांनी अंथरूण धरलं आणि मी त्यांचं दुकान चालवायला घेतलं. तिथून बिनसलं. संध्याकाळी घरी आले की सासूबाई नाकाला पदर लावायच्या. "स्पिरिटचा वास येतो. घर आहे का गुत्ता?" एक दिवस म्हणाल्या, "दुकान तरी ठेव, नाहीतर हे घर तरी." मी दुकान ठेवलं. नवरा माझ्यामागून निमूट आला आणि आम्ही दुकानावरच्या दोन खोल्यांत राहिलो. मला त्याचं आजही काही वाटत नाही. बाप खाटेवर असताना दुकानाला कुलूप लावणारी मुलगी मी नव्हे.

सासरे गेले आणि घरात सासूबाई आणि नणंद दोघीच उरल्या, म्हणून आम्ही परत आलो. सामान आत ठेवलं आणि माझी नजर कपाटाकडे गेली. दुसऱ्या पायरीवर मी नव्हते. तिथे एक झुडूप होतं. हिरवंगार, गुबगुबीत, बरोबर माझ्याएवढं उंच. सबंध चित्रात कुठे गवताची काडी नाही आणि पायरीच्या दगडातून हे झुडूप उगवलेलं.

"हे काय?" मी विचारलं.

"जागा रिकामी वाटत होती," सासूबाई म्हणाल्या आणि वेणी घालायला बसल्या.

अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. पण मी मूग गिळून बसले. नवरा म्हणाला, जाऊ दे, चित्रच तर आहे. चित्रच तर आहे! ज्याला कुणी पुसलेलं नसतं त्याला असं म्हणणं सोपं असतं.

मग नणंदेचं लग्न झालं, जावईबापू पायरीवर आले. त्यांची दोन मुलं आली. माझा मुलगा झाला, तोही आला. त्याला त्यांनी कुठे उभा केला? झुडपाला टेकून. घरी येणारं-जाणारं माणूस विचारायचं, "याची आई कुठे?" सासूबाई शांतपणे सांगायच्या, "असेल आत कुठेतरी." आणि मी त्या माणसापुढे चहाचा कप ठेवत असायचे.

आमचं दोघींचं सगळं आयुष्य एकमेकींना पाण्यात पाहण्यात गेलं. त्यांनी मिठाचा डबा वरच्या फळीवर ठेवायचा, मी तो खाली काढायचा. मी खिडकी उघडायची, त्यांनी लावायची. पण कपाटाला मी हात लावला नाही. त्यांची ताकीद होती, "माझ्या वस्तूला तुझं ते फडकं लागता कामा नये." मीही लावलं नाही, कारण मला एक गोष्ट माहीत होती आणि त्यांना माहीत नव्हती. मी माझ्या पॉलिशच्या खाली होते आणि झुडूप पॉलिशच्या वर होतं. लाखेचं पॉलिश स्पिरिटने सुटतं. ते सुटलं की वरचं सगळं त्याच्याबरोबर उतरतं. खालचा मुरलेला तैलरंग मात्र हलत नाही. तेव्हा मी पुसली गेलेली नव्हते, नुसती झाकलेली होते. हे मनात ठेवून मी त्या घरात दिवस काढले. रोज केस विंचरायला त्या आरशासमोर उभी राहायचे आणि खाली झुडपाकडे बघून म्हणायचे, थांब तू.

आणि यंदा त्यांनी स्वतःच माझ्या हातात फडकं दिलं. नणंदेला कपाट हवं होतं. "आईची आठवण म्हणून," ती फोनवर म्हणाली. आई शेजारच्या खोलीत ठणठणीत खोकत होती. सासूबाईंचे हात आता थरथरतात, पेला धरला तरी पाणी सांडतं, पण हुकूम सोडायला हात लागत नाहीत.

"पॉलिश काळं पडलंय," त्या म्हणाल्या. "लेकीकडे जायचंय, नीट करून दे. आणि चित्राला धक्का लागला तर बघ."

"चित्रातल्या माणसांना धक्का लागणार नाही," मी म्हणाले. हे मी विचार करून बोलले होते.

कपाट मागच्या पडवीत घेतलं. आधी आरसा सोडवला, खण काढले. वरच्या फळीवर गरम भांड्यांचे पांढरे गोल होते, ते घासून काढले. पॉलिश पेपर आधी जाडा, मग बारीक, नेहमी लाकडाच्या रेषेने. खालून सुंदर सागवान निघालं. खणांच्या कडा भरल्या, मुठी उजळल्या. हे सगळं मी मनापासून केलं. राग माणसावर असतो, लाकडाने काय केलंय? सासूबाई दारातून येऊन-जाऊन बघत होत्या आणि नाक मुरडत होत्या. "मुठी फार चकचकीत केल्यास." दोन मिनिटांनी, "त्या कोपऱ्यात राहिलंय." कोपऱ्यात काही राहिलं नव्हतं.

दाराची पाळी आली तेव्हा त्या दुपारच्या पडल्या होत्या. नवरा शेजारी उभा होता. त्याला मी सगळं समजावून सांगितलं. झुडपाच्या मागे मी आहे. पण जावईबापू, भाचरं आणि आपला मुलगा हेसुद्धा पॉलिशच्या वर आहेत. सबंध दार पुसलं तर ती चौघंही उतरतील.

नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. "मग करू नकोस ना. नवं पॉलिश वरूनच मार."

"सबंध दार नाही पुसणार. फक्त झुडूप."

"आई काय म्हणेल?"

"जे रोज म्हणते तेच म्हणेल," मी म्हणाले.

तो आत निघून गेला. वाकड्यात शिरायचं नाही हे त्याचं जन्माचं धोरण. मी बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि पिळला. एक क्षण, खोटं कशाला बोलू, हात जावईबापूंकडे वळला. माझ्या मुलाच्या बारशालासुद्धा न आलेला हा माणूस, एका बोळ्याच्या अंतरावर होता. पण मी हात आवरला. मला कुणाला काढायचं नव्हतं, मला परत यायचं होतं.

झुडपावर बोळा फिरवला. आधी नुसतंच तपकिरी पाणी निघालं. मग हिरवा रंग मऊ झाला, सुरकुतला आणि फडक्यावर आला. पान पान करत ते झुडूप माझ्या हातात उतरलं. खाली पिवळा रंग दिसला. मग हात. मग चेहरा. काल काढल्यासारखी, ताजी, तरुण, सासूबाईंच्या खांद्याशी उभी. माझा मुलगा, जो इतकी वर्षं झाडोऱ्याला टेकून उभा होता, तो आता आईला टेकला होता. मी पडवीत बसून रडले. आवाज न करता रडले, कारण आत म्हातारी झोपली होती आणि तिला ऐकवायचं नव्हतं.

पण तिची झोप कसली, कानोसा सगळा. मागे चपलांचा आवाज आला. मी डोळे पुसून उभी राहिले. मी तयार होते. इतक्या वर्षांची सगळी भांडणं जिभेवर रांग लावून उभी होती. त्या ओरडल्या असत्या तर मी एकेक काढलं असतं.

सासूबाई वाकून बघत राहिल्या. मग सरळ झाल्या.

"राहू दे," म्हणाल्या. "तसंही कपाट तिकडे चाललंय. तिथे कोण बघतंय."

आणि आत जायला वळल्या.

त्या ओरडल्या असत्या तर मी जिंकले असते. फडक्याने फटकारलं असतं तरी चाललं असतं. पण हे असं, अर्धवट नासलेली भाजी ठेवून घ्यावी तसं राहू दे! ज्या जागेसाठी मी आयुष्यभर दात-ओठ खाल्ले, ती त्यांनी भीक घातल्यासारखी टाकली, तीही घरातून बाहेर जाणाऱ्या लाकडावर. माझं डोकं फिरलं. मी जाडा पॉलिश पेपर उचलला.

"नको तुमचं राहू दे," मी म्हणाले. "झाकलंत तेव्हा मला विचारलं नाहीत. आता ठेवायचे उपकारही करू नका. मला तुमच्या पायरीवर उभंच राहायचं नाही."

आणि घासायला लागले. रेषेने नाही, आडवंतिडवं, कसंही. बापाने बघितलं असतं तर कान उपटला असता. पावलं गेली, घोटे गेले. पिवळी धूळ माझ्या पायांवर पडत होती. गुडघ्यांपर्यंत कोरं लाकूड दिसायला लागलं आणि मला वाटत होतं, बरं झालं, बरं झालं.

माझं मनगट पकडलं गेलं. पेला न पेलणारा तो हात, पण पकड अशी होती की पेपर पुढे सरकेना.

"थांब," सासूबाई म्हणाल्या.

"सोडा."

"थांब म्हणते ना! अक्कल आहे का तुला?" त्यांचा आवाज फुटला. "माझ्याने आता ब्रश धरवत नाही. तू गेलीस तर मला परत काढता यायची नाहीस."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, त्या पिवळ्या बाईकडे बघत होत्या. हनुवटी थरथरत होती. ती म्हातारपणाने की कशाने, ते मी सांगू शकत नाही. माझं मनगट मात्र त्यांनी बराच वेळ सोडलं नाही, आणि मीही सोडवून घेतलं नाही.

"मग झाकलंत कशाला?" मी विचारलं.

"तू गेलीस म्हणून. माझ्या मुलाला घेऊन गेलीस. रोज त्या आरशापुढे बसायचं आणि तुला बघायचं, मी काय दगड होते?"

"मी परत आले होते."

"आलीस ना. आल्या आल्या विचारलंस, हे काय? जसं काही भाडं वसूल करायला आली होतीस. तेव्हाच नीट विचारलं असतंस तर..."

"तर काय? काढलं असतंत झुडूप?"

त्यांनी विचार केला. "नसतं काढलं," त्या म्हणाल्या. निदान खोटं बोलल्या नाहीत.

मी घासलेली जागा बारीक पेपरने सारखी केली आणि सगळ्या दारावर पातळ पॉलिशचे हात दिले. पॉलिशवर काढलेल्या माणसांना धक्का लागू नये म्हणून अगदी हलके. मोठ्या काळसर चित्रात माझ्याभोवतीचा तुकडा उजळ राहिला. त्यात मी गुडघ्यांपासून वर. सासूबाई स्टुलावर बसून बघत होत्या. बोळा जास्त ओला झाला की घसा खाकरत होत्या, आणि दरवेळी त्यांचं बरोबर होतं, याचा मला फार राग आला.

नणंद टेम्पो घेऊन आली. तिने मुठींवरून हात फिरवला, आरशात स्वतःला बघितलं आणि मग दाराशी वाकली.

"अय्या, हे काय झालं? इथे झुडूप होतं ना! आणि हा डाग कसला? वहिनी, तू चित्र बिघडवलंस?" मला ओळखतच नसल्यासारखं तिने आईकडे बघितलं. "आई, मध्येच ही कोण उभी केली? झुडूपच बरं दिसत होतं. परत काढून घेऊ कुणाकडून तरी."

मी तोंड उघडणार होते. त्याआधी सासूबाईंनी काठी आपटली.

"कुणी ब्रश लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "कोण म्हणजे? तुझी वहिनी आहे. दिसत नाही?"

नणंद बाजूला झाली. टेम्पोवाला दोर घेऊन आत आला. मी सासूबाईंकडे बघितलं. वाटलं, आता तरी ही बाई एक शब्द धड बोलेल.

"पाय मात्र," त्या लेकीला म्हणाल्या, "तिने स्वतःच घालवले."