नळीतलं मीठ

मित्रांनो, बंदूक म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर लढाई येत असेल. मी मात्र लढाई कधी पाहिलीच नाही. मी एक म्हातारी रायफल. चेक देशातल्या मोराव्हिया प्रांतात, एका डोंगरगावात, ओताकार नावाच्या सुताराच्या कुलूपबंद कपाटात राहते. आजवर मी कागदाच्या निशाणाखेरीज कशालाही भोक पाडलेलं नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे.

मला घडवलं फौजेसाठी. पण फौजेला माझी गरजच पडली नाही. बहिणींबरोबर अंगभर ग्रीस फासून मी वर्षानुवर्षं पेटीत पडून राहिले. पुढे आम्हाला जुना माल म्हणून विकायला काढलं, तेव्हा ओताकारने मला घरी आणलं. जुन्या सदऱ्याने ग्रीस पुसलं आणि स्वतःच्या हाताने अक्रोडाच्या लाकडाचा नवा दस्ता बसवला. चाप ओढला की माझी एक गोळी सुटते आणि तिच्याच वायूच्या जोरावर मी रिकामी पुंगळी बाहेर फेकून पुढचं काडतूस आपलं आपण आत घेते. हे पाहून तो लहान पोरासारखा खूश व्हायचा.

माझं खाणंही माझ्याच वयाचं. फौजेच्या गोदामातून निघालेली, पत्र्याच्या डब्यांतली स्वस्त काडतुसं, पुंगळ्या पोलादाच्या. नेमबाजी मंडळातला त्याचा दोस्त हिनेक महागड्या पितळी काडतुसांशिवाय हात लावायचा नाही.

"लेका ओताकार, म्हातारीला किती दिवस शिळंपाकं घालणार?" तो विचारायचा.

"तुझी ताजं खाऊन तरी कुठे नेम धरते?" ओताकार म्हणायचा.

त्या जुन्या काडतुसांत एक खोड असते. त्यांच्या बुडातली टिकली उडाली की नळीत मीठ धरतं. हे मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि लोखंड खातं. तेलाने ते जात नाही, पाण्यानेच जातं. म्हणून मैदानावरून आलं की ओताकार चुलीवर किटली चढवायचा, कढत पाणी माझ्या नळीतून ओतायचा, मला कोरडं करायचा आणि मगच तेलाचा हात फिरवायचा. किटलीची शिट्टी ऐकून त्याची लेक राद्का पलीकडच्या खोलीत समजायची, बाबा चहा करताहेत.

मग ओताकारला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं अडखळू लागलं. राद्का ब्रनो शहरातली शाळेची नोकरी सोडून धावत आली. तिने बापाची फार सेवा केली. लसणाचं सूप चमच्याने भरवलं, पायांवर लोकरी पांघरूण घातलं. तो जरा हलला की म्हणायची, "बाबा, उठू नका. मी आहे ना?" त्याला साधा कपही तिने उचलू दिला नाही. तो दिवसभर खिडकीशी बसून राही आणि रोज थोडा थोडा विझत जाई.

राद्काकडेही बंदुकीचा परवाना होता. शरदातल्या सामन्यात बाबांचं नाव गळू नये म्हणून ती मला घेऊन उतरली. घरी आल्यावर तिने मला तेलाने न्हाऊ घातलं आणि जाड लोकरी नमद्यात गुंडाळलं. इतके लाड माझे जन्मात झाले नव्हते. पण तेलाखाली मीठ तसंच होतं, आणि हिवाळाभर ते मला खात राहिलं.

वसंतात राद्काने मला पुन्हा मैदानावर नेलं, पहिलीच गोळी सुटली आणि पुंगळी आत रुतून बसली. पोलादी पुंगळी पितळेसारखी आकसत नाही, त्यात माझी नळी गंजून खरखरीत झालेली. हिनेकने गज घालून, ठोकून ती काढली आणि नळी उजेडाकडे धरली.

"नळी गेली गं, पोरी. हिला भोक पाडून निकामी करायची आणि भिंतीवर टांगायची. दुसरं काय?"

घरी येऊन राद्का बापासमोर रडली. "बाबा, मी तेल दिलं होतं हो. भरपूर दिलं होतं."

"पाणी?" ओताकारने विचारलं.

"लोखंडाला पाणी?"

ओताकार टेबल धरून उठला. ती धावली तसा म्हणाला, "तू बस." डाव्या हाताने त्याने किटली भरली. वेळ लागला, पाणी सांडलं, पण भरली. मग राद्काने मला धरलं आणि त्याने पाणी ओतलं. तांबडं पाणी निघालं. ब्रश फिरला, पुन्हा पाणी, पुन्हा ब्रश. शेवटी पाणी स्वच्छ आलं. नळीत बारीक खड्डे मात्र राहिले, ते आता जन्माचे.

"तुझी चूक नाही," तो थांबत थांबत म्हणाला. "मायेनं लावलंस तेल. पण तिला ते नको होतं." मग त्याने खुर्चीवरच्या पांघरुणाकडे पाहिलं. "मलाही नको आहे, राद्का. शनिवारी मैदानावर ने."

राद्काने पांघरुणाची घडी घातली आणि ते ट्रंकेत ठेवून दिलं.

शनिवारी त्याने मला वाळूच्या पिशवीवर टेकवलं आणि डाव्या खांद्याला लावलं. राद्काने काडतुसं भरली, तीच जुनी. गोळ्या निशाणाच्या कडेकडेने गेल्या, पण एकही पुंगळी अडकली नाही.

"दोघंही कामातून गेलात, लेका," हिनेक म्हणाला. ओताकार डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. झटक्यानंतर तो हसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

मित्रांनो, वस्तू जपा, माणसंही जपा. पण तेलाची बाटली उचलण्याआधी, समोरच्याला काय हवं आहे ते विचारा. मला सांगता येत नव्हतं. ओताकारला येत होतं, पण त्याला कुणी विचारलंच नव्हतं.