मागे राखलेली शेकोटी

तळ हलवताना कुणी परतायचं राहिलं असेल, तर मेंढपाळांच्या त्या फिरत्या तांड्यातला एक जण जुन्या जागी शेकोटी राखत थांबे. मेंढ्या पुढे जात, माणूस मागे सुटत नसे. तंबूतली शाळा सुरू करताना तांड्याच्या म्होरक्याने शिकवायला आलेल्या बाईंना एकच अट घातली होती, आमच्या पावलाने चालायचं.

वह्या आणायला बाई शहरातल्या शिक्षण ऑफिसात गेल्या, तिसऱ्या दिवशी सकाळी येते म्हणून. त्याच दिवशी तळ हलणार होता. ऑफिसातलं काम दुसऱ्याच दिवशी दुपारी उरकलं. पण बहिणीकडे गरम पाणी होतं, पलंग होता. एक दिवस राहते म्हणता म्हणता दोन झाले. आपल्यासाठी कुणीतरी थांबेल हे त्यांना ठाऊक होतं. ते कुणीतरी कोण, हा विचार त्यांनी केला नाही.

पाचव्या दिवशी दुपारी पोचल्या, तर ओसाड माळावर शेकोटीपाशी चिमणी बसलेली. म्होरक्याची अकरा वर्षांची लेक. शेजारी कुत्रा. थंडीने तिचे ओठ फुटले होते. मेंढ्या व्यायला लागल्या होत्या, मोठ्यांतलं कुणी मोकळं नव्हतं, म्हणून तिनेच थांबायचा हट्ट धरला होता.

उशीर का झाला, असं तिने विचारलंही नाही. बाईच घाईघाईने म्हणाल्या, साहेब जागेवर नव्हते.

वाटभर चिमणीने त्या साहेबाची टर उडवली. त्याला मेंढीच्या पिल्लासारखं शोधून, मान धरून खुर्चीवर बसवायला हवं म्हणे. बाई हसल्या.

नव्या तळावर म्होरक्याने लेकीचे ओठ पाहिले.

"साहेबाचं नाव सांगा बाई. माझी पोर दोन रात्री उघड्यावर का बसली, विचारून येतो."

"जाऊ द्या ना बाबा," चिमणी म्हणाली, "बाई तरी काय करणार?"

या शब्दांनी बाईंची मान खाली गेली.

"साहेब होते. मीच बहिणीकडे झोपा काढत होते."

म्होरक्याने काठी मातीत रोवली.

"शाळा चालू राहू दे. पोरांनी काय केलंय? पण यापुढे तुमच्यासाठी शेकोटी राखायची नाही."

बाईंनी वह्या वाटल्या. चिमणी उठून आली नाही. तिची वही त्यांनी तिच्या जागेवर नेऊन ठेवली. ती कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.