तोळामाशाचं टेबल

ही गोष्ट तुम्हाला पटणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मागच्या खेपेला सांगितली तेव्हा एक शहाणा मध्येच उठून गेला आणि दुसरा हसता हसता धक्क्यावरून पाण्यात पडला. उरलेली गोष्ट मी त्याला तो पोहत असताना ओरडून सांगितली. अर्धवट सोडायची आपली रीत नाही.

तर धक्क्याला बांधलेल्या हाउसबोटींच्या रांगेतली अगदी शेवटची, ती तोळामाशाची. हा माणूस उभा जन्म ट्रकांच्या वजनकाट्यावर नोकरीला होता. नोकरी सुटली, पण सवय सुटली नाही. घरी पाहुणा आला की तोळामासा त्याला आधी डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळायचा, मनात आकडा ठरवायचा आणि मगच ‘या, बसा’ म्हणायचा. कुठे बसायचं तेही तोच सांगायचा. एवढा वजनाचा जाणकार, आणि त्याचीच बोट डावीकडे कललेली.

त्याच्या बायकोला सगळा धक्का वहिनी म्हणायचा. ती शर्टांना काजं-बटणं करून द्यायची. एकोणीस वर्षं एकाच खिडकीशी बसून तिची सुई चालत होती, आणि सुईपेक्षा डोकं जास्त चालत होतं. मनात एखादं ‘का’ शिरलं की ते निघेपर्यंत तिला घास गोड लागायचा नाही.

एका सोमवारी बंदराच्या कचेरीतून कागद आला. शुक्रवारी मोजणीदार येणार. बोटीचा काठ दोन्ही बाजूंना पाण्यापासून किती वर आहे ते तो मोजणार, आणि दोन इंचांपेक्षा जास्त फरक निघाला तर बोट रांगेतून काढून वरच्या अंगाला गाळात नेऊन ठेवणार. तिथे ना वीज, ना वस्ती. काजं करून घ्यायला तिथे कोण येणार, बगळे? वहिनीने कागद दोनदा वाचला आणि खिडकीबाहेर बघत बसली.

तोळामासा मात्र निवांत. त्याने कपाटातून पाणसळ काढली, म्हणजे गवंडी भिंतीवर ठेवतात ती, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. ती टेबलावर ठेवली. बुडबुडा नळीच्या मधोमध येऊन थांबला, हलायचं नाव नाही.

“बघ,” तो म्हणाला. “सूतभर फरक नाही. येऊ दे तुझ्या मोजणीदाराला.”

शेजारच्या बोटीवरचा चष्मेवाला रोज सांगायचा की तुमची बोट कानात पाणी गेलेल्या माणसासारखी एका अंगाला झुकलीय. तोळामाशाने त्याला आधी स्वतःचा नंबर तपासून घ्यायला सांगितलं. नंबर बरोबर निघाला, तर धक्काच वाकडा बांधला असणार, असंही सुनावलं.

मंगळवारी वहिनीच्या मांडीवरून दोऱ्याचं रीळ पडलं आणि घरंगळत डाव्या भिंतीला जाऊन टेकलं. असं ते रोजच पडायचं, आणि रोज ती ते भिंतीपाशी जाऊन उचलायची. पण त्या दिवशी तिच्या मनात ‘का’ शिरलं. तिने रीळ उचलून खोलीच्या मध्यभागी ठेवलं. परत डावीकडे. मग लाल ठेवलं, काळं ठेवलं, न जाणो रंगाचा काही संबंध असला तर. सगळी रिळं एकाच वाटेने गेली. टेबल म्हणतंय सरळ, जमीन म्हणतेय तिरकी. म्हणजे घरात कुणीतरी खोटं बोलतंय, आणि नवरा तर झोपलेला होता.

ती शिवणाची टेप घेऊन टेबलाखाली शिरली. चारही पाय मोजले. पुन्हा मोजले. मग तिने नवऱ्याला हलवून उठवलं आणि शेजारी आडवं व्हायला सांगितलं. टेबलाचे उजवीकडचे दोन्ही पाय दीड-दीड इंच आखूड होते. आणि खालून करवतीने कापलेले होते.

मग त्याला आठवलं. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी बिडाची जड शेगडी घेतली आणि डाव्या भिंतीशी ठेवली. त्या दिवसापासून ताटातलं पातळ कडेला जमायला लागलं, म्हणून त्याने टेबलाचे पाय थोडे कापले. पुढे शेगडीच्या शेजारी शिलाईमशीन आलं, ट्रंका आल्या, गॅसचं सिलिंडर आलं. दरवर्षी बोट जरा कलायची आणि दरवर्षी हा गडी करवत काढायचा. पलंगाला पाचर मारली, कपाटाखाली फळी सारली, फोटोंचे खिळे हलवले. सगळं घर त्याने सरळ करत आणलं होतं. बोट तेवढी राहिली होती.

“अहो, तुम्ही पाणसळ ठेवायला नेमकं हेच टेबल निवडलंत,” वहिनी म्हणाली.

तोळामाशाने पडल्या पडल्याच कापलेल्या पायावरून अंगठा फिरवला.

“पण अगं, कापलंय किती सफाईने ते बघ ना,” तो म्हणाला.

बुधवारी वहिनीने भावाला बोलावणं धाडलं. तो बेकरीच्या भट्टीवर कामाला, आणि अंगाने असा की लोक त्याला पिंप म्हणायचे. त्याने शेगडी उचलून उजवीकडे नेली, मागोमाग दोन ट्रंका नेल्या. दर खेपेला वहिनी मध्यभागी रीळ ठेवायची आणि ते काय म्हणतंय ते बघायची. पाणसळ तिने कपाटात कुलूप लावून ठेवली होती. डावं-उजवं जमलं तेव्हा पुढचं-मागचं बिघडलं, कारण पाण्याची टाकी बोटीच्या पुढच्या टोकाला. ती भरली की बोट नाक खाली घालायची, आणि दोघांच्या आंघोळी झाल्या की नाक वर करायची. म्हणून शुक्रवारपर्यंत कुणी किती तांबे घ्यायचे ते ठरलं. तोळामाशाच्या वाट्याला चार आले. गुरुवारी संध्याकाळी रीळ ठेवल्या जागी उभं राहिलं. फक्त त्यासाठी पिंपाला उजव्या कोपऱ्यात बसावं लागत होतं.

“ताई, मी पाहुणा आहे की धोंडा?” त्याने विचारलं.

“दोन्ही. आणि खांदे हलवू नकोस.”

शुक्रवारी मोजणीदार आला. बाहेरून काठी लावली. डावीकडे बावीस इंच, उजवीकडे साडेबावीस. वहिनीने खिडकीतून आकडे ऐकले आणि चार दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेतला. पण मोजणीदाराने शिक्का काढला नाही. आतूनही बघतो म्हणाला.

तो दारात आला तसा तोळामासा पुटपुटला, “अठ्ठ्याऐंशी.” मोजणीदाराने डावीकडे पाऊल टाकलं की पिंपाने भिंतीला आणखी चिकटायचं, तो मधोमध आला की पिंपाने सैल व्हायचं. असं दोघांचं मस्त जमलं. पण मोजणीदाराच्या कपाळाला आठी पडली, कारण बोट सरळ झाली होती आणि आतलं सगळं घर उजवीकडे झुकलं होतं. टेबल, कपाट, पलंग, लग्नातला फोटो. फोटोतले नवरा-नवरी आता पडतात की मग पडतात अशा बेताने उभे.

“बाहेरून सरळ, आतून तिरकी,” मोजणीदार म्हणाला. “मी शिक्का नेमका कशावर मारू?”

गाळ, बगळे, सगळं वहिनीच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. मोजणीदाराने मग स्वतःच तोड काढली. काठोकाठ भरलेला चहाचा कप जमिनीवर ठेवा म्हणाला. चहा सांगेल ते खरं.

वहिनीने कप ठेवला. आणि आता नीट ऐका. चहा कपात तिरका उभा राहिला. डावीकडे काठाच्याही वर, उजवीकडे अर्धा इंच खाली. त्या घरातलं पाणी अकरा वर्षं कललेल्या बोटीत राहिलेलं, त्याच्या अंगात तो कल मुरलेला. बोट सुधारली, चहाला कोण सांगणार? मोजणीदाराने मान हलवली आणि शिक्का खिशात ठेवायला घेतला.

पण वहिनी ती वहिनी. ती खाली वाकली, कानाला धरून कप अर्धा फिरवला. कपाबरोबर चहाही फिरला. आता उजवीकडे वर, डावीकडे खाली. मोजणीदार बघतच राहिला. एकदा डावीकडे अर्धा इंच, एकदा उजवीकडे अर्धा इंच. त्याने कागदावर वजाबाकी मांडली, उत्तर शून्य आलं, आणि शून्याच्या पोटात त्याने दणकन शिक्का—

“थांबा, आजोबा,” गोष्ट ऐकायला बसलेली पाणीवाली मला मध्येच म्हणाली. या रांगेतल्या झाडून सगळ्या टाक्या तीच नळीने भरते. “शिक्क्याच्या चार दिवस आधी मीच नवं पाणी भरलं होतं त्या टाकीत, त्याला अकरा वर्षांचं वळण कुठून लागलं? आणि पाण्याला वळण लागत असतं, तर त्याच घरात राहिलेल्या पाणसळीतला बुडबुडा त्या टेबलावर मधोमध कशाला आला असता?”