हिरवं लुगडं आणि करकोचे

उपेंद्र मास्तर बेळगावच्या कॅम्पातल्या शाळेत पोटासाठी चित्रकला शिकवत आणि रविवारी पिरनवाडीकडच्या तळ्यावर करकोच्यांचे फोटो काढायला जात. म्हणजे काढायला जात एवढंच. त्यांनी कॅमेऱ्यामागं उभं राहून डोक्यावर काळं कापड घेतलं, की अख्खं तळं रिकामं होई.

"त्या कापडापरास बंदूक बरी की वो मास्तर," जाळं झटकत भरमू कोळी म्हणे. "बंदुकीला पाखरं एवढी भीत न्हाईत."

मास्तरांच्या पत्नी वासंतीबाईंचं उलटं. हिरव्या शहापुरी लुगड्याचा ओचा खोचून त्या पाण्यात शिरत, आड येणारं लव्हाळं विळ्यानं कापत, आणि करकोचे त्यांच्या अवतीभवती खुशाल मासे टिपत. म्हणून रीतच पडली. आधी बाईंनी पुढं जायचं, पक्षी जमले की हळूच बाजूला सरायचं.

"अगं, अजून डावीकडं. पदर येतोय फोटोत!"

"येऊ दे की. एक माझाही काढा."

"तू हलतेस."

"आणि करकोचे काय शपथ घेऊन उभे राहतात?"

"ते उडून जातात. तू कुठं उडून जाणार आहेस?"

बिनतोड मुद्दा होता. युरोपातल्या लढाईमुळं कॅमेऱ्यात घालायच्या फोटोच्या काचा मिळेनाशा झालेल्या, आणि होत्या तेवढ्या मास्तरांनी करकोच्यांच्या नावे राखून ठेवलेल्या.

लढाई संपता संपता मानमोडीचा ताप बेळगावात शिरला. वासंतीबाई आठवड्याच्या आत गेल्या.

तेराव्याला मास्तरांची धाकटी बहीण लतिका हार घेऊन उभी राहिली. "अण्णा, वहिनीचा फोटो दे."

मास्तरांनी पेटी उघडली. करकोचा उभा. करकोचा एका पायावर. करकोचा पाठमोरा. लतिकानं एकेक फोटो उजेडात धरून पाहिला.

"यात वहिनी कुठाय?"

"इथं," मास्तरांनी बोट ठेवलं ते फोटोच्या कडेपलीकडं, लाकडी पेटीवर. "डावीकडं."

लतिकानं हार वहिनीच्या रोजच्या पाटावर ठेवला.

पेटीत एक कोरी काच उरली होती. रविवारी मास्तर ती आणि हिरवं लुगडं घेऊन तळ्यावर गेले. धोतर वर खोचून पाण्यात शिरले, चिखलात वेळू रोवला, त्याला लुगडं नेसवायला लागले. चित्रकलेचे मास्तर, पण निऱ्या काही जमेनात.

भरमू बांधावर आला. थट्टेसाठी उघडलेलं तोंड त्यानं लुगडं बघून मिटलं. जाळं खाली ठेवून म्हणाला, "काठी धरू काय, मास्तर?"

"नको. फोटोत येशील."

मग मास्तर काठावर येऊन बसले. ऊन वर आलं तसे करकोचे उतरले, लुगड्याभोवती जमले. मास्तरांनी काळं कापड डोक्यावर घेतलं. एकही उडाला नाही. कॅमेऱ्याचं टोपण काढताना त्यांच्या तोंडून सवयीनं गेलं, "हलू नको हं."

घरी येऊन भर दुपारी दारं-खिडक्या लावून, तांबड्या कंदिलाशी त्यांनी काच धुतली. करकोचे उमटले. पीस न् पीस मोजून घ्यावं असे, अगदी शपथ घेतल्यासारखे उभे. आणि मधोमध धुरासारखं काहीतरी फिसकटलेलं. वाऱ्यानं लुगडं हललं होतं.

"सांगत होतो ना," मास्तर म्हणाले, "तू हलतेस."

आणि ओली काच तशीच हातात धरून थांबले. तिला उलट उत्तर दिल्याशिवाय राहवत नसे.