रेषा वर गेली की

"बोक्सुन, भात आहे का गं? पांढरा हवा. तो सातू घातलेला नको."

मालजाताई रिकामा वाडगा घेऊन दारात उभी. मी म्हटलं, "आणि तुझा डबा? सकाळीच आला ना?"

"आला तर आला. तू वाढ आधी."

या डब्याचं सांगते. तिचा मुलगा सांगहुन सोल शहरात असतो. आईला मधुमेह निघाला, तशी त्याने तिची थुंकी आणि, सांगायलाही लाज वाटते, संडासचा नमुना एका कंपनीकडे पाठवला. कुठलं अन्न कुणाला मानवतं नि कुणाला बाधतं, ते म्हणे त्यावरून कळतं. तेव्हापासून रोज तिच्या नावाचा डबा येतो. भाजी फक्त तिच्यासाठी, मासळी फक्त तिच्यासाठी. जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात सगळ्या पोरांसाठी एकच रस्सा रांधणारी ही बाई! आता इथे पुसानला, आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत आम्ही साऱ्याजणी एका भांड्यात चमचे घालून रस्सा ओरपतो, आणि ही कोपऱ्यात आपला डबा उघडून बसते.

वर दंडाला नाण्याएवढी चकती चिकटवलेली. रक्तातली साखर तिकडे मुलाच्या फोनवर आणि त्या कंपनीतही रेषेत दिसते.

त्या दिवशी तिने माझ्या ओट्याशी उभ्यानेच भात खाल्ला, भराभरा, सोबत किमचीसुद्धा न घेता. मग फोन मांडीवर घेऊन बसली. थोड्या वेळाने तो वाजला, आणि बाईचा चेहरा काय खुलला म्हणून सांगू!

"आई, काय खाल्लंस? रेषा बघ कुठे गेलीय!"

"काही नाही रे. डब्यातलंच."

"खोटं नको बोलूस. लहान आहेस का तू?"

"बरं, ओरड. घसा बसलाय का रे तुझा? जेवलास का?"

"मीटिंग आहे, आई. ठेवतो."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रेषा सरळ असली की पोरगा गप्प. वर गेली की फोन. मी जाम चिडले. "अगं, डोळे जातील, पाय जातील! सरळ फोन कर की त्याला."

"केला की म्हणतो, काही झालंय का? काही झालेलं नसतं. मग पुढे काय बोलायचं?"

मी तिचा रिकामा वाडगा घेतला आणि घासायला लागले.

तिकडे कंपनीला वाटलं, या बाईची प्रकृतीच जगावेगळी. हिला रताळ्यानेही साखर चढते, नासपतीनेही. मग डब्यातलं रताळं गेलं, नासपती गेली, शेवटी घासभर सातूभात होता तोही गेला. उरला टोफू आणि पाला. बाई एकटी पडलीय, हे थुंकीत कुठून दिसणार?

गेल्या आठवड्यात ती अशीच भात खाऊन बसली, तर फोनवर कुणी मुलगी.

"आजी, मी कंपनीतून बोलतेय. तुमच्या मुलाने हे काम आता आमच्याकडे सोपवलंय. आज काय खाल्लंत?"

मालजाताईने तिला सगळं खरं सांगितलं, तू जेवलीस का म्हणून विचारलंसुद्धा. फोन ठेवला, आणि दंडावरची चकती ओढून काढली.

"रेषाच नाही म्हटल्यावर घाबरेल तो," म्हणाली. "आता तरी स्वतः करेल."

मी आंबवलेल्या सोयाबीनचा रस्सा उकळला. एकच भांडं मध्ये, दोघींचे चमचे, शेजारी तिचा फोन. तिने चमचा उचललाच नाही.

"खा की गं."

"तोंडात घास असताना वाजला तर?"

रस्सा निवला. मी तो पुन्हा तापवून आणला, तेवढ्यात फोन थरथरला. निरोप होता. चकती निघालेली दिसते, नवी उद्या घरपोच येईल. खाली कंपनीचं नाव.

मला सांगहुनचा असा संताप आला! "दे तो फोन, चांगला झाडते त्याला."

तिने माझा हात धरला. "नको गं. कामात असेल."

दुसऱ्या दिवशी ती नवी चकती घेऊन आली आणि बाही वर सारून माझ्यापुढे बसली.

"नीट दाब हं," म्हणाली. "पुन्हा निघाली तर उगाच त्याच्या जिवाला घोर."