एका गल्लीत एकच टेम्पो

अंबाजोगाईच्या मंडी बाजारात मागच्या महिन्यात रामेश्वर आणि बिभीषण यांचे टेम्पो समोरासमोर अडकले. मागं कोण घेणार, यावरून दोघं तासभर भांडले आणि सगळी गल्ली तुंबली. मग दुकानदार आणि टेम्पोवाले एकत्र बसले. ठरलं असं, की ट्रान्सपोर्टच्या गोदामातून एका गल्लीचा सगळा माल एकाच टेम्पोत भरायचा. मंडी बाजार बिभीषणकडे गेला, धान्याचा मोंढा रामेश्वरकडे.

पहिल्याच दिवशी रामेश्वरचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मंडी बाजारात वत्सलाबाईंचं बांगड्यांचं दुकान होतं. अकरा वर्षं त्यांच्या काचेच्या पेट्या त्यानंच उतरवल्या होत्या. आता मोंढ्यात पेंडीची पोती उतरवताना तो सारखा फोन बघत होता. शेवटी त्यानं बिभीषणला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. "आलोच," असं हमालाला सांगून निम्मा माल तसाच ठेवून तो पायी निघाला आणि चालता चालता पळायलाच लागला.

बिभीषणचा टेम्पो गल्लीत उभा होता. फाळका उघडा, पेट्या जागच्या जागी. वत्सलाबाई पायरीवर बसल्या होत्या.

"उतरवल्या कावून न्हाईत बे?" रामेश्वरनं बिभीषणला विचारलं.

"हात लावू देईनात. म्हणत्यात, रामेश्वरच पायजे."

रामेश्वरला आतून बरं वाटलं. पण पेट्यांच्या मागं औषधं होती, किराणा होता, वह्यांचे गठ्ठे होते. चार दुकानदार ओट्यावर येऊन वाट बघत होते.

"मावशी, उद्यापासून मी येणार न्हाई. ह्योच येईल."

"लई तापट हाय त्यो. भांडताना बघितलाय मी."

"भांडत तर मीबी होतो."

त्यानं पेटीचं एक टोक धरलं, दुसरं बिभीषणला धरायला लावलं. "आडवी करू नको. तळाला हात दे." शेवटची पेटी बिभीषणनं एकट्यानं नेली. वत्सलाबाईंनी ती हलवून बघितली, कान लावला आणि पावतीवर सही केली.

तेवढ्यात रामेश्वरला मोंढ्यातून फोन आला. त्याच्या टेम्पोमागं ट्रॅक्टर अडकला होता. तो पळत सुटला.

दुसऱ्या दिवशी गोदामात माल भरताना तो आपला टेम्पो सोडून बिभीषणकडे गेला.

"मावशीच्या दुकानात शिरताना वाकत जा. चौकट खाली हाय."

बिभीषणनं कपाळावरचं टेंगूळ दाखवलं. "कालच कळलं."

रामेश्वर हसला. तरी बिभीषणचा टेम्पो फाटकाबाहेर पडेपर्यंत त्याचा पाय तिथून निघाला नाही.