अर्धं वाक्य बोलणाऱ्या दादांचा माइक

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. पोलिसांनी जप्त केलेल्या वस्तूंच्या खोलीत, एका फुटक्या हेल्मेटशेजारी मी पिशवीत पडून आहे. इथे मला वीज नाही आणि समोर बोलणारं माणूसही नाही. तरीही माझी हकिगत ऐका, कारण ती सांगणारं दुसरं कोणी आता उरलेलं नाही.

महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या एका बोळात चंपतरावांचं साऊंडचं लहानसं दुकान होतं. त्यांनी मला विकत आणलं, तेव्हा त्यांच्या बायकोने, प्रेमिलाबाईंनी, मला हळदकुंकू लावलं. काय दिवस होते ते! भजनी मंडळं, शाळेचं गॅदरिंग, कोजागिरीची गाणी, लग्नातले उखाणे. नवऱ्याचं नाव घेताना नव्या नवऱ्या इतक्या लाजायच्या, की माझ्या जाळीवर नुसता श्वास यायचा. मी खरखरायला लागलो की चंपतराव मला हनीफमिस्त्रींकडे न्यायचे. मिस्त्री माझी तुटलेली तार जोडायचे आणि चहा पाजल्याशिवाय चंपतरावांना सोडायचे नाहीत.

मग विक्रमदादा आले, तेव्हाचे एक लहानसे पुढारी. नंदनवन वस्तीत नळाच्या पाण्याच्या प्रश्नावर त्यांची सभा होती. आवाज बारीक, माणसं थोडी, तीही उठू लागलेली. वस्तीत नव्याने राहायला आलेल्या मुसलमान कुटुंबांबद्दल काहीतरी बोलता बोलता दादा अडखळले. पुढचा शब्द सुचेना, म्हणून गडबडीत त्यांनी मला लोकांकडे वळवलं. पहिल्या रांगेने ते वाक्य शिवी घालून पूर्ण केलं. सगळे हसले. उठलेली माणसं परत बसली.

त्या दिवसापासून दादा नळाबद्दल कधी बोलले नाहीत. त्यांनी 'भूमिगर्जना' पक्ष काढला आणि ते आमदार झाले. गुन्हे दाखल होत, जामीन मिळे, आणि सुटकेच्या मिरवणुकीत हार त्यांच्या गळ्यात असे, मी त्यांच्या हातात. त्यांचे वकील दर वेळी एकच सांगत: आमच्या अशिलाने वाक्य पूर्ण केलंच नाही, ते लोकांनी केलं. रेकॉर्डिंगही तेच सांगायचं. हा माइक शुभ आहे, दुसरा आणू नका, असा दादांचा हुकूम होता.

पण सभेच्या आधी दुपारी काय चालायचं, ते कोणत्याच रेकॉर्डिंगमध्ये नव्हतं. माइक तपासण्याच्या निमित्ताने दादा स्टेजवर यायचे आणि पहिल्या रांगेत बसणाऱ्या पोरांकडून उरलेलं अर्धं वाक्य पाठ करून घ्यायचे. "घसा बसला काय गा? जोरात!" ते ऐकणारे आम्ही दोघं, मी आणि मशीनवर बसलेले चंपतराव.

एका सभेत ते उरलेले शब्द होते, 'जाळून टाका'.

सभेच्या मैदानामागेच हनीफमिस्त्रींचं दुकान होतं. लोकांच्या दुरुस्तीला आलेल्या वस्तू आगीतून काढता काढता त्यांचे दोन्ही हात भाजले. त्या वस्तूंत चंपतरावांचा ॲम्प्लिफायरही होता.

मला पोलिसांनी जप्त केलं. त्या दुपारच्या तालमीचे साक्षीदार एकटे चंपतराव. ते बोलले तरच दादांना शिक्षा होणार होती.

साक्षीच्या दिवशी मी कोर्टाच्या व्हरांड्यात शिपायाच्या मांडीवर होतो. शेजारच्या बाकावर चंपतराव आणि प्रेमिलाबाई. हनीफमिस्त्री आले. त्यांची बोटं एकमेकांना चिकटलेली होती. ते हसले आणि म्हणाले, "भाऊ, आता तंबाखूचा खर्रा घोटाले बी हात नाही राहिले. तुम्हीच घोटून देत जा." मग थांबून म्हणाले, "जे ऐकलं तेवढंच सांगा. जास्त नको."

ते आत गेल्यावर प्रेमिलाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "खरं सांगून द्या. काहून भेता?"

"तुले काय जाते वं बोलाले? दादाचे पोट्टे सकाळपासून दुकानासमोर बसून राहिले."

आत सरकारी वकिलांनी मला पिशवीतून काढून चंपतरावांच्या हातात दिलं आणि हा तुमचाच माइक ना, असं विचारलं. समोर बसलेल्या दादांनी चंपतरावांना हात जोडून नमस्कार केला. माझ्या मुठीवरच्या टेपचं एक टोक सुटलं होतं. चंपतरावांच्या अंगठ्याने ते सवयीने दाबून बसवलं. मग त्यांनी मला टेबलावर ठेवलं.

"नाही साहेब. हा माझा नाही. त्या दिवशी मी तिथं नव्हतोच."

मित्रांनो, जन्मभर मी हजारो लोकांचे आवाज मोठे केले. त्या क्षणी मला एकच शब्द हवा होता, आणि तो माझ्याजवळ नव्हता. हनीफमिस्त्री उठले आणि कोपराने दार ढकलू लागले. प्रेमिलाबाईंनी पुढे होऊन ते उघडलं आणि नवऱ्यासाठी न थांबता त्या मिस्त्रींबरोबर निघून गेल्या.

दादा निर्दोष सुटले. त्यांची मिरवणूक या जप्तीच्या खोलीसमोरून गेली. दादांच्या हाती नवा माइक होता. खिडकीतून अर्धं वाक्य आत आलं, आणि लगेच उरलेलं अर्धं. त्यात लहान मुलांचे आवाजही होते.

मला सोडवायला कोणी येणार नाही, कारण माझा आता कोणी मालक नाही. पण तुम्ही तर बाहेर आहात. कोणी अर्धं बोलून तुमच्या तोंडापुढे माइक धरला, तर ओठ मिटून घ्या. मला ओठ नव्हते रे, मित्रांनो. तुम्हाला आहेत.